निरोप पोचवणं आमचं काम नाही

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक हसण्यावारी नेते. राग मानू नका. मी विज्ञानाची शिक्षिका, नाशिकला पंचवटीतल्या एका हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला शिकवत माझं आयुष्य गेलं. घरात भुताखेताचा विषय निघाला की सासूबाई आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग गप्प बसायच्या. कारण मी लगेच उलटतपासणी सुरू करायचे... कोणी पाहिलं? कधी? उजेड किती होता? पाहणारा जेवलेला होता का?

तर स्वतःचीच उलटतपासणी आधी करून टाकते. पाहिलं मी. वेळ दुपारी अडीचची. उजेड भरपूर होता, पाऊस थांबून ऊन पडलं होतं. आणि मी जेवलेली होते – पिठलं-भात, पूरग्रस्तांच्या कॅम्पमधलाच.

२००८ साल. गणपती नुकतेच झाले होते आणि गंगेला पूर आला. (बाहेरच्या वाचकांसाठी – आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो तो नदीतला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला म्हटल्यावर जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला. नदीकाठच्या वस्त्या आणि वरच्या अंगाचे भाजीचे, फुलांचे मळे पाण्याखाली गेले. त्या लोकांना महापालिकेच्या एका दुमजली शाळेत ठेवलं होतं. पितृपक्ष चालू होता हे मला नंतर कोणीतरी दाखवून दिलं. तेव्हा माझ्या डोक्यात असलं काही नव्हतं.

एका संस्थेने आम्हा पंधरा-वीस शिक्षकांना एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं – पूरग्रस्तांना मानसिक आधार कसा द्यायचा. शिकवायला एक मानसोपचारतज्ज्ञ होते, आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. शांत माणूस. त्यांनी सांगितलं, उपदेश करू नका. "सगळं ठीक होईल" म्हणू नका, तुम्हाला काय माहीत? ऐका. समोरचा गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. मला हे शेवटचं फार जड गेलं, बाईमाणूस त्यातून शिक्षिका.

दोन नियम त्यांनी फळ्यावर लिहून अधोरेखित केले. एक, टेबलावरचं टेबलावर. माणूस जे सांगेल ते दुसऱ्या कोणाला, त्याच्या घरच्यांनाही, कळता कामा नये. आधीच्या एका कॅम्पमध्ये कोणा बाईने नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलेलं संध्याकाळपर्यंत हॉलभर झालं होतं आणि रात्री तिने मार खाल्ला. म्हणून आमच्या फॉर्मवर आडनावही नव्हतं, फक्त पहिलं नाव. दुसरा नियम, एकाचा निरोप दुसऱ्याला न्यायचा नाही. "निरोप्या झालात की संपलं," डॉक्टर म्हणाले. "त्याला सांगा, तूच बोल. कसं बोलायचं त्याला मदत करा."

मी नियमाची पक्की. वर्गात आणि घरात त्यासाठी पुरेशी बदनाम आहे.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी आमचं काम सुरू झालं. मला वरच्या मजल्यावरचा एक वर्ग मिळाला. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पाढे. सकाळभर कोणी फिरकलं नाही. लोकांना ब्लँकेट हवं होतं, रेशनकार्ड कसं मिळेल ते विचारायचं होतं, आमच्याशी मन मोकळं करायला कोणाला वेळ होता? दुपारी जेवून येऊन बसले आणि दारात एक माणूस दिसला.

"बसू का, मॅडम?"

"बसा ना. नाव काय तुमचं?"

"भास्कर."

तीस-पस्तिशीचा, सावळा, मिशी, पांढरा सदरा. कॅम्पमध्ये सगळ्यांच्याच अंगावर वाटलेले कपडे होते, त्यामुळे कपड्यांकडे मी फार बघितलं नाही. माझ्यासाठी आलेला चहा मी त्याच्याकडे सरकवला. त्याने तो घेतला नाही.

"आमची मंडळी लय मनाला लावून घेतीय," तो म्हणाला. "मीच पाठवलं, मीच पाठवलं, एवढंच चाललंय तिच्या मनात."

"कुठं पाठवलं?"

"मोटर काढाया. नदीवर मोटर हे ना आमची, फुलांना पाणी द्यायची. पाणी चढाया लागलं तशी ती म्हणली, जावा, मोटर काढून आणा. मी गेलो, काढली. लिंबाखाली उंचवट्यावर नेऊन ठेवली, वरून पोतं टाकलं. अन् वर आलो, पार रस्त्याला लागलो. मंग ध्यानात आलं, कुत्रं साखळीलाच ऱ्हायलं."

"मग?"

"मंग परत गेलो. ते माझ्या मनानं गेलो, मॅडम. तिनं नाय पाठवलं. तेवढं तिला सांगा."

मला शिकवलेलं सगळं जसंच्या तसं आठवलं. इतकी सरळ केस पहिल्याच दिवशी मिळाली म्हणून मला मनातून बरंही वाटलं, ते लपवत नाही. मी म्हणाले, "तुम्हीच सांगा ना. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं."

"माझ्याच्यानं नाय होत ते."

"होईल. सुरुवात कशी करायची ते आपण दोघं मिळून बघू."

त्याने नुसती मान हलवली. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकंल ती."

आणि मी म्हणाले – शब्द अगदी हेच होते – "भास्करराव, निरोप पोचवणं आमचं काम नाही. आम्ही फक्त ऐकून घेतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने वगैरे नाही. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला, आणि उठून गेला. मी फॉर्म पूर्ण केला. मोटर, लिंब, पोतं, कुत्रं, सगळं लिहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पती-पत्नीत संवाद कमी. पुन्हा बोलावणे.' तारीख घातली, सही केली. त्याचा चहा नंतर मीच प्याले.

आता दुसरी बाजू.

खालच्या मजल्यावर व्हरांड्यात एक बाई बसून असायची. सुमन, एकतीस-बत्तीसची. पाण्यात नवरा बेपत्ता झालेली एवढंच कळलं होतं. ती कोणाशीही बोलत नव्हती. बायका बळेच दोन घास भरवायच्या, तेवढेच. मी रोज तिच्याशेजारी जाऊन बसायचे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, दोघीही गप्प. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नाही.

पाचव्या दिवशी ती आपणहून बोलली. "मीच पाठवलं."

"कोणाला, सुमन?"

"आमच्या मालकाला. ते नको म्हणत व्हते. म्हणले, पाणी लय हे, जाऊ दे ती मोटर. मी तोंड टाकलं त्यांच्यावर. दसऱ्याला फूल काढायचं हे, मोटर गेली तर पाणी काय डोक्यावरून वाहता? मी लय बोलले. मंग गेले ते."

वाचताना तुम्हाला वाटत असेल, या शिक्षिकाबाईंच्या डोक्यात त्याच क्षणी प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. पूर आला की काठावरचा प्रत्येक मळेवाला आधी मोटर काढायला धावतो, त्या कॅम्पमधले निम्मे पुरुष मोटरी काढून आलेले होते. माझा भास्कर माझ्यासमोर धडधाकट बसून गेलेला आणि हिचा नवरा बेपत्ता. तिने त्याचं नाव घेतलं नाही. तिच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात. आणि मीही विचारलं नाही, कारण फॉर्मवर ती जागाच नव्हती. बेपत्तांची यादी खालच्या सरकारी टेबलावर होती, तिकडे आम्ही बघतसुद्धा नव्हतो.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मीच पाठवलं' हे शब्द ऐकून मला काहीतरी खटकलं होतं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं – सुमन, परवा एक माणूस आला होता, त्याचीही बायको असंच म्हणते, पण तो म्हणाला मी माझ्या मनाने गेलो. नुसता दाखला म्हणून. तेवढं बोलले असते तरी पुरलं असतं. पण टेबलावरचं टेबलावर... मी गिळून टाकलं. तिचा हात धरून बसले.

सहाव्या दिवशी तिचा धाकटा दीर संपत आला. पाणी ओसरलं होतं. भावाचं प्रेत खाली निफाडच्या बाजूला काठावरच्या बाभळींत अडकलेलं सापडलं होतं. प्रेत तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या मते तो पहिल्याच दिवशी गेलेला. सुमन रडली नाही. दीर आल्यावर ती उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून होते, दुसरं काय करणार?

संपत तिथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगत होता, "मोटर काढली व्हती दादानं. लिंबाखाली ठेवलीय, पोतं झाकून. तेवढा उंचवटा बुडालाच नाय. मोटर काढली अन् वर येता येता गेला बघा. पाच मिनटाचा खेळ. कुत्रं तेवढं फिरतंय मळ्यात मोकळं, साखळी निघाली असंल."

आणि त्याच वेळी सरकारी टेबलावरचे कारकून सहीसाठी कागद घेऊन आले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. मयत भास्कर, वय चौतीस.

मी वर कशी गेले मला आठवत नाही. फाईल काढली. फॉर्म होता. माझं अक्षर, माझी सही, पुरानंतर तिसऱ्या दिवसाची तारीख. लिंब, पोतं. 'कुत्रे सोडण्यासाठी परत गेलो.' तेव्हा तो सगळा भाग पाण्याने वेढलेला होता. मोटर कुठे आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

कॅम्पचं रजिस्टर तपासलं. भास्कर नावाचा एकच माणूस, सत्तरीचा, दोन्ही डोळ्यांनी अधू. मग वाटलं, कोणीतरी भास्करला लांबून पाहिलं असेल आणि तेच स्वतःवर घेऊन सांगितलं असेल. धक्क्यात माणसं असं करतात, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी तीन दिवस प्रत्येक वर्गात जाऊन चेहरे बघत फिरले. तो माणूस त्या शाळेत नव्हता.

फॉर्म डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं होतं हसतील, हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही दमलाय, मॅडम. तारखेत चूक झाली असेल. आधी-नंतरचं डोक्यात मिसळतं." मी म्हटलं, सर, मी पंचवीस वर्षं मस्टर भरते आहे, तारीख चुकत नाही. तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. नसेल चुकली. पण त्या बाईला आज काय सांगणार आहात? तुझा मेलेला नवरा माझ्याकडे येऊन गेला? चार दिवस नाही झाले प्रेत येऊन. सोसेल तिला?"

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आणि सगळं त्यांच्यावर ढकलणारही नाही. मला लाज वाटत होती. माझ्या तोंडून असलं काही निघालं की स्टाफरूममध्ये काय चाललं असतं ते मला दिसत होतं. कॅम्प उठला. फॉर्म नियमाप्रमाणे सगळे नष्ट केले गेले, माझ्यादेखत. तो एक बाजूला काढून ठेवावा असं फार वाटलं होतं. नियमाची पक्की ना मी... ठेवला नाही. म्हणजे आज पुरावा मागाल तर माझ्याकडे काही नाही.

पुढचं वर्षभर मी घरात चिडचिड करत होते. आमचे हे ओझरच्या कारखान्यात, सरळमार्गी माणूस. त्यांना सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "खरं-खोटं राहू दे. त्या माणसाने तुला एक काम सांगितलं होतं."

पुढच्या दसऱ्याला बाजारात झेंडू घेताना संपत भेटला. वहिनीची चौकशी केली. "वहिनी चांदवडकडं, भावाच्या घरी हे," तो म्हणाला. "फुलाला हात लावत नाय. गोळ्या चालू हेत. अजून तेच, मीच पाठवलं. आम्ही सांगून दमलो, मॅडम."

त्या रविवारी मी चांदवडची एसटी पकडली.

घराच्या पुढच्या खोलीत भास्करचा फोटो होता, हार घातलेला. मी तो जवळ जाऊन बघितला. तोच. शंकेला जागाच नव्हती. इतके दिवस कुठेतरी एक आशा होती की फोटोतला माणूस वेगळा निघेल आणि मी सुटेन.

सुमन मागे कांद्याच्या चाळीपाशी बसून सडका माल वेगळा काढत होती. निम्मी झाली होती. मला पाहून कसनुसं हसली, "मॅडम, तुम्ही?" म्हणाली आणि बसायला पोतं टाकलं. मी तिच्याशेजारी बसले. तिथे मला एकही नियम आठवला नाही. सगळं सांगितलं. वरचा वर्ग, अडीच वाजले होते, पांढरा सदरा, मोटर, लिंब, रस्त्याला लागला होता ते, कुत्रं. माझ्या मनानं गेलो, तिनं नाही पाठवलं, हे दोनदा सांगितलं. तो तुम्ही सांगा म्हणाला आणि मी नाही म्हणाले, हेही सांगितलं.

तिने एका शब्दानेही अविश्वास दाखवला नाही. कांदा हातात तसाच. मग विचारलं, "चहा दिला व्हता का त्यांना?"

"दिला होता. घेतला नाही."

"रस्त्यापतुर आले व्हते?"

"हो. सुखरूप आले होते. तुझं काम करून आले होते."

"कुत्र्यापायी..." ती म्हणाली. "लय जीव व्हता त्याच्यावर." आणि तिने डोळ्याला पदर लावला. वर्षभरात ती रडलीच नव्हती असं तिची भावजय मला नंतर म्हणाली. मी तिला रडू दिलं. मला इतकं हलकं वाटत होतं... वाटलं, उशिरा का होईना, पोचला निरोप. झालं काम.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमच्याकडं आले," ती म्हणाली. "बसले, बोलले. मी त्याच शाळेत व्हते ना, मॅडम? खालीच. डोळ्याला डोळा नव्हता माझा. मंग माझ्याकडं का नाय आले?"

मी सांगितलं, "ते म्हणाले, माझ्याच्यानं नाही होत." दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. ते सांगायला नको होतं, हे मला सांगून झाल्यावर कळलं.

ती पुन्हा कांदे निवडायला लागली. तीन-चार कांदे बाजूला टाकले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लय बोलले व्हते ना मी त्यांना. जाताना शेवटचं तेच ऐकून गेले. राग असंल. म्हणून नाय आले."

मी नाही, नाही म्हणत राहिले. तसं नाही गं, तुझी काळजी होती म्हणूनच ते आले. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. भावजय चहा घेऊन आली, मी तो कसाबसा प्याले आणि परतीची एसटी धरली. नंतर दोनदा गेले. ती माझ्याशी चांगलं बोलते. मीच पाठवलं असं आता म्हणत नाही. माझ्यावर रुसून गेले, असं म्हणते.

तो माणूस कोण होता, कसा आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल – भास, थकवा, आत्मा, काय असेल ते – तर जरूर लिहा, मी आता हसणार नाही. पण खरं सांगू? तो का आला हे मला कळतं. तो तिच्याकडे का गेला नाही, हे कोणाला माहीत असेल तर मला सांगा. मला ते तिला जाऊन सांगायचं आहे.